सामान्य शिक्षणाला वाली कोण?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चौकट लागू झाली. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या तीन जिल्ह्यांतील पदवीच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर मुख्य विषयाच्या जोडीला आता नव्या नावांची एक रांगच उभी राहिली आहे. खुला वैकल्पिक विषय, क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, समाजसंपर्क, सहशालेय उपक्रम. या रांगेची ‘सरकारी फार्स’ म्हणून वासलात लावणे सोपे आहे, आणि कार्यभाराच्या तक्त्यातील एक नवा रकाना म्हणून ती मुकाट्याने भरून टाकणे त्याहून सोपे आहे. आमच्या मते या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. ज्याला जगभर ‘सामान्य शिक्षण’ म्हणतात, म्हणजे विद्यार्थी पुढे वकील होवो, कारकून होवो की शेतकरी राहो, नागरिक म्हणून त्याला जे यावयासच हवे, ते या रांगेत दडलेले आहे. मात्र त्याची तपासणी कोणी करावयाची आणि त्याला मंजुरी कोणी, कशाच्या आधारे द्यावयाची, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजच्या व्यवस्थेत मिळत नाही.

प्रथम या गोष्टीचे आकारमान पाहू. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने जी चौकट आखून दिली, तीत तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक आहेत. त्यांपैकी क्षमतावृद्धीला ८, मूल्यशिक्षणाला ४, भारतीय ज्ञानप्रणालीला २ आणि खुल्या वैकल्पिक विषयांना १० ते १२ श्रेयांक दिले गेले. पुढे तपशिलात फेरबदल झाले, पण सांगाडा तोच राहिला. केवळ या चार बाबींची बेरीज केली तरी ती २४ ते २६ श्रेयांकांची होते. म्हणजे पदवीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एका श्रेयांकाला पंधरा तासांचे अध्यापन धरले, तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या आयुष्यातील ३६० ते ३९० तास यात खर्ची पडणार आहेत. ज्या पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या मुलीच्या घरात तिच्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तिच्यासाठी हे तास म्हणजे विस्तृत जगाशी होणारी पहिली, आणि कदाचित शेवटची, शिस्तबद्ध ओळख होय. ती ओळख कशी व्हावी हे ठरविणारी मंजुरी म्हणूनच किरकोळ कारकुनी बाब ठरत नाही.

कल्पना परकी नाही

सामान्य शिक्षणाची कल्पना अमेरिकेतून आली असे मानण्याची एक सवय आहे. कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, समकालीन संस्कृतीवरील सर्वांना समान असा अभ्यासक्रम सुरू केला. हार्वर्डच्या प्राध्यापकांची समिती १९४३ ते १९४५ अशी दोन वर्षे केवळ या एका प्रश्नावर विचार करीत बसली आणि तिने ग्रंथरूप अहवाल दिला. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सामान्य शिक्षणाचे स्वतंत्र विवेचन केले, त्यामागे हे वारे होते हे खरे आहे.

परंतु या वाऱ्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात काय मागितले होते? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची व व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही पाठ. मागणी प्राथमिक शाळेसाठी होती, पण तिच्यामागची दृष्टी आजच्या विद्यापीठालाही पुरून उरेल अशी आहे. ज्ञान हे कष्टकऱ्याच्या जगण्याला भिडले पाहिजे आणि तरीही त्याच्या गावाच्या वेशीपाशी थांबता कामा नये, असे जोतीराव सांगत होते. अमेरिकन मिशनच्या मिस फरार नगरला मुलींच्या ज्या शाळा चालवीत, त्या पाहून जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हा इतिहास नगरकरांना ठाऊक आहे. आज विद्यापीठ सावित्रीबाईंचे नाव मिरविते. त्या नावाची खरी कसोटी या विद्यापीठाच्या सामान्य शिक्षणातच लागणार आहे.

नगरच्या भुईकोट किल्ल्यानेही या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. १९४२ ते १९४५ या काळात तेथे स्थानबद्ध असलेल्या नेत्यांत बौद्ध दर्शनाचे व्यासंगी आचार्य नरेंद्र देव होते आणि अरबी-फारसी विद्येत मुरलेले मौलाना आझादही होते. नेहरूंनी तेथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या प्रस्तावनेत या सहबंद्यांशी झालेल्या चर्चांचे ऋण मानले आहे. पुढे आझाद देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. नरेंद्र देव लखनौ आणि बनारस विद्यापीठांचे कुलगुरू झाले. निरनिराळ्या विद्यांची माणसे एका प्रश्नाभोवती बसतात आणि परस्परांना तपासून घेतात, तेव्हा जे घडते ते सामान्य शिक्षण. त्या तुरुंगात हे घडू शकले. ज्या विद्यापीठांत विषयांच्या भिंती त्या तटबंदीहून उंच झाल्या आहेत, तेथे ते आपोआप घडणार नाही.

मंजुरीची वाट

आता ही मंजुरी कशी मिळते ते पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभ्यासक्रमाचा उगम अभ्यासमंडळात होतो. तेथून तो विद्याशाखेकडे आणि पुढे विद्यापरिषदेकडे जातो. अभ्यासमंडळात निवडून आलेल्या विभागप्रमुखांपेक्षा नामनिर्देशित सदस्यांचे पारडे जड असते, हा दोष आहेच. पण येथे त्याहून मूलभूत अडचण आहे. अभ्यासमंडळे बहुतांशी विषयनिहाय आहेत. अर्थशास्त्राचे मंडळ अर्थशास्त्राच्या हिताचा विचार करते, रसायनशास्त्राचे मंडळ रसायनशास्त्राच्या. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानाचे, किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समाजशास्त्राचे नेमके काय शिकावे, हा प्रश्न सगळ्यांचा असल्यामुळे तो कोणाचाच राहत नाही. सामायिक गायरानाची जी गत गावोगाव झाली, तीच या सामायिक श्रेयांकांची होते: चरावयास सर्व येतात, राखण कोणीच करीत नाही.

मंडळांनी पाठविलेले सर्व शाखांचे अभ्यासक्रम जेव्हा विद्यापरिषदेच्या एकाच विषयपत्रिकेवर येतात, तेव्हा दोन श्रेयांकांच्या एका खुल्या वैकल्पिक पत्रिकेच्या वाट्याला किती मिनिटे येत असतील, याचा अंदाज कोणीही करावा. अभ्यासक्रमाचा नमुना योग्य आहे काय, तासांची बेरीज जुळते काय, मूल्यमापनाची टक्केवारी बरोबर आहे काय, एवढे तपासले जाते. हा विषय या विद्यार्थ्याला का शिकवावयाचा, तो शिकवावयास शिक्षक कोठे आहे आणि मराठीत वाचावयास पुस्तक कोणते आहे, हे तीन प्रश्न ज्याला सक्तीने विचारावे लागतील असा अधिकारी या वाटेवर कोठेही बसविलेला नाही. हार्वर्डच्या समितीने ज्या प्रश्नाला दोन वर्षे दिली, त्याला आपण विषयपत्रिकेवरील एक ओळ देतो.

टांकसाळीचा दोष

याचे परिणाम काय होतात, ते सांगण्यासाठी अर्थशास्त्रातील एक जुना नियम पुरेसा आहे. दोन नाण्यांचे दर्शनी मूल्य सारखे असेल आणि अंगचे मूल्य वेगळे असेल, तर हिणकस नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते. ग्रेशॅमचा हा नियम आता श्रेयांकांच्या बाजारात लागू झाला आहे. विचार करावयास लावणाऱ्या कठीण पत्रिकेचे दोन श्रेयांक आणि पन्नास ठोकळेबाज प्रश्नांवर निभावणाऱ्या पत्रिकेचे दोन श्रेयांक, दोहोंचे दर्शनी मूल्य एकच. सकाळी एस.टी.च्या पहिल्या गाडीने येणारा आणि दुपारी शेतावर किंवा दुकानात राबणारा विद्यार्थी हलके नाणे निवडतो, यात त्याचा दोष काढता येणार नाही. शिक्षकाचे पद कार्यभारावर टिकते आणि कार्यभार विद्यार्थीसंख्येवर ठरतो. म्हणून विभागही आपली पत्रिका हलकी करतो. काही वर्षांत प्रामाणिक पत्रिका ‘विद्यार्थी मिळत नाहीत’ या शेऱ्यासह बंद पडते. नाणे हिणकस निघाले तर त्याचा जाब बाजारात सौदा करणाऱ्याला विचारून भागत नाही, तो टांकसाळीला विचारावा लागतो. विद्यापीठात मंजुरी देणारी यंत्रणा हीच टांकसाळ होय.

यात शहर आणि गाव असा भेदही आहे. खुला वैकल्पिक विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा, असे धोरण सांगते. तत्त्व उत्तम आहे. नगर शहरातील, संगमनेरच्या किंवा श्रीरामपूरच्या जुन्या, बहुशाखीय महाविद्यालयांत ते पाळता येईल. पण ज्या तालुक्याच्या गावी केवळ कला शाखा आहे, तेथे विज्ञानाचा शिक्षक कोठून आणावयाचा? तेथे ‘निवड’ म्हणजे शिकवावयास जो शिक्षक उपलब्ध असेल, त्याची पत्रिका. अनेक ठिकाणी तो शिक्षकही तासिका तत्त्वावरचा, वर्षाअखेरीस राहील की नाही याची शाश्वती नसलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’सारख्या दूरस्थ मंचावरून घेण्याची मुभा दिली आहे, रिक्त पदांवर हा स्वस्त उतारा म्हणून वापरला जाण्याचा धोका उघड आहे. शहरातील मुलाला शिक्षकाशी वाद घालता यावा आणि कर्जतच्या मुलाच्या वाट्याला पडद्यावरचे व्याख्यान यावे, ही वर्णव्यवस्थेची नवी आवृत्ती होईल. हिला आमचा स्पष्ट विरोध आहे.

जिल्हा हेच पाठ्यपुस्तक

मंजुरीपूर्वी तपासणी व्हावी, ती कोणत्या कसोटीवर? आमच्या मते पहिली कसोटी अशी की अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला त्याच्या पायाखालची जमीन समजावून दिली पाहिजे आणि तेथून त्याला जगाकडे नेले पाहिजे. या दृष्टीने नगर जिल्ह्याइतके समृद्ध पाठ्यपुस्तक क्वचितच सापडेल. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उत्तरेत ऊस उभा राहिला. दक्षिणेतील पारनेर, जामखेड, कर्जत, पाथर्डी अवर्षणाशी झुंजत राहिले. एकाच जिल्ह्यातील हे दोन देश पाण्याच्या वाटपाने कसे घडविले, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, तसा तो भूगोलाचा, इतिहासाचा आणि राज्यशास्त्राचाही आहे. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जोडीला अध्यक्ष म्हणून धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. तेच गाडगीळ पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्यापीठ आणि उसाचा फड यांच्यात एके काळी एवढेच अंतर होते. तो कारखाना आणि आजची सहकाराची अवस्था यांचा अभ्यास विद्यार्थ्याने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

आणि त्या फडात राबणारा? नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजणारा हिशेब, मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत चालणारी बांधीलकी, हंगामात आईबापांबरोबर निघून जाणारी मुले. ज्या वर्गात या मुलांपैकी एखादा बसलेला असतो, तेथे मूल्यशिक्षणाच्या नावाखाली वक्तशीरपणाचे सुभाषित शिकविणे क्रूरपणाचे आहे. तेथे उचल म्हणजे काय, उसाची एफ.आर.पी. कशी ठरते, मजुरीच्या कराराला कायद्याने कोणती बंधने आहेत, हे शिकविणे म्हणजे मूल्यशिक्षण. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना फोफावली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि त्या कल्पनेने पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला वाट दाखविली, हेही त्याच अभ्यासात येते. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ही आपल्याच जिल्ह्यातील गावांची नावे जातीय हत्याकांडांमुळे देशभर गाजली. संविधानाची उद्देशिका पाठ म्हणून घेणे आणि या नावांविषयी मौन पाळणे, या दोन गोष्टी एका अभ्यासक्रमात नांदू शकत नाहीत.

भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन श्रेयांकांबाबतही हेच म्हणता येईल. या विषयाला सरसकट विरोध करणे आम्हांला मान्य नाही. आपल्या परंपरेचा चिकित्सक अभ्यास हा पुरोगामी चळवळीचाच वारसा आहे. प्रश्न आहे तो परंपरा कोणाची आणि ती निवडली कोणी, हा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तत्त्वज्ञान संस्कृतातून लोकांच्या बोलीत आले. निजामशाहीत नगर शहराला खापरी नळांनी पाणी आणले गेले. मलिक अंबरने जमीन महसुलाची घडी बसविली. चार्वाक, बुद्ध, महानुभाव, वारकरी, सूफी, आणि शेतकऱ्याचा आसूड उगारणारे फुले हे सर्व भारतीय ज्ञानच आहे. जर अभ्यासक्रमात केवळ एका भाषेतील आणि एका वर्णाने राखलेले ज्ञान ‘भारतीय’ म्हणून आले आणि त्याची तपासणी करणाऱ्या मंडळात प्रश्न विचारणारा कोणी नसला, तर त्या विषयाच्या नावाने भलतेच काही मंजूर होईल.

या सर्वावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. गरिबाच्या मुलाला नोकरी हवी आहे. त्याला इतिहास-तत्त्वज्ञानात गुंतवू नका, कौशल्य द्या. कौशल्याला आमचा विरोध नाही. परंतु श्रीमंताच्या मुलाला विचार आणि गरिबाच्या मुलाला केवळ कौशल्य, ही विभागणी समाजातील आजची उतरंड कायम करणारी आहे. शिवाय आज शिकलेले यंत्र पाच वर्षांत बदलते. वाचणे, मोजणे, पुरावा तपासणे, आपले म्हणणे मांडणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे ही कौशल्ये मात्र जुनी होत नाहीत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय नव्या चौकटीत आहे. ती कोण वापरणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. जो गरिबीमुळे एका वर्षातच बाहेर पडेल, त्याच्या पदरात विद्यापीठाने काय घातले? म्हणूनच पहिल्या वर्षाचे सामान्य शिक्षण सर्वांत अधिक काळजीने आखले पाहिजे.

आमच्या मागण्या

पहिली मागणी: सामान्य शिक्षणासाठी स्वतंत्र अभ्यासमंडळ. यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. अधिनियमात अभ्यासमंडळ ‘विषयासाठी किंवा विषयांच्या गटासाठी’ असू शकते. खुले वैकल्पिक विषय, मूल्यशिक्षण आणि ज्ञानप्रणाली यांचा एक गट मानून परिनियमाने हे मंडळ निर्माण करता येईल. त्यात तिन्ही जिल्ह्यांचे आणि सर्व विद्याशाखांचे शिक्षक असावेत, ग्रामीण महाविद्यालयांचे प्रतिनिधित्व नावापुरते नसावे आणि विद्यार्थ्यांचेही म्हणणे ऐकले जावे.

दुसरी मागणी: मंजुरीपूर्वी मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा आणि हरकती-सूचनांसाठी किमान दोन महिन्यांचा अवधी द्यावा. नगररचनेचा आराखडा लोकांपुढे ठेवावा लागतो, तर नागरिक घडविण्याचा आराखडा बंद दाराआड का?

तिसरी मागणी: प्रत्येक पत्रिकेसोबत ती शिकविणाऱ्या शिक्षकाच्या मंजूर पदाची आणि मराठीतील वाचनसाहित्याची नोंद सक्तीची असावी. शिक्षक नाही तर मंजुरी नाही. ही अट विद्यापीठाला शासनाकडे पदे मागण्याचे बळही देईल.

चौथी मागणी: दर तीन वर्षांनी फेरतपासणी. त्या तपासणीत उत्तीर्णांची टक्केवारी पुरेशी नाही. विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रकल्प, शिक्षकांची साक्ष आणि बंद पडलेल्या पत्रिकांची कारणे पाहिली जावीत.

पाचवी मागणी: दोन श्रेयांक जिल्ह्याच्या अभ्यासासाठी राखून ठेवावेत. त्याचा आराखडा त्या त्या जिल्ह्यातील शिक्षकांनी करावा, कसोटी मात्र विद्यापीठाची असावी.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. विद्यापीठाच्या पदाधिकाऱ्यांनी मनात आणले तर बहुतेक कामे त्यांच्याच अधिकारात होण्यासारखी आहेत. पण मनात आणण्यासाठी बाहेरून रेटा लागतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. फीवाढ झाली की आपण मोर्चा काढतो आणि ते योग्यच आहे. मात्र त्या फीच्या मोबदल्यात विद्यार्थ्याच्या डोक्यात काय घातले जाते, याविषयी चळवळ आजवर उदासीन राहिली. अधिसभेच्या आणि विद्यापरिषदेच्या निवडणुकांत आपले मित्र उभे राहतात. त्यांच्या जाहीरनाम्यात या पाच मुद्द्यांना स्थान हवे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या महाविद्यालयात या वर्षी कोणते खुले विषय दिले, ते कोणी शिकविले आणि कोणते विद्यार्थी नसल्याने बंद पडले, याची यादी मागावी. ती मिळाली की शिक्षक-पालक-विद्यार्थ्यांची एक बैठक घ्यावी, तेथील म्हणणे मराठीत लिहून अभ्यासमंडळांकडे व कुलगुरूंकडे पाठवावे आणि पोच घ्यावी. नगर जिल्ह्यातून अशी दहा निवेदने गेली, तरी विद्यापरिषदेच्या विषयपत्रिकेवरील त्या एका ओळीवर चर्चा करणे भाग पडेल.